आमच्या घरचा पाळीव करंट

"पोरगी गुणाची हाय वो, पण लई भित्री. साधं बटन दाबायचं म्हटलं तरी पायात चप्पल घालती!"

हे वाक्य आमच्या सासूबाई शेजारच्या कमलकाकूंना सांगत होत्या, आणि खिडकीच्या अलीकडे मी भांडी विसळत होते. लग्नाला अकरा दिवस झाले होते. वाक्य माझ्यासाठी नव्हतं, पण खिडकीला तावदानही नव्हतं.

"हुईल की सवय," कमलकाकू म्हणाल्या. "नवीन हाय अजून."

"हुईल कशी न्हाई! आमच्यात समद्यांला झाली."

सवय व्हायची होती ती करंटची!

नव्या सुनेकडे सांगण्यासारखे किस्से नसतात, ते साठायला वर्षं जावी लागतात, असं म्हणतात. आमच्याकडे एका वर्षात इतके साठले, की जिन्याखालच्या डब्यातल्या जुन्या वायरच्या तुकड्यांसारखी त्यांची गत झाली आहे. कुणी फेकत नाही, एक ओढला की चार निघतात, आणि त्यातला कुठला जिवंत आहे ते हात लावल्याशिवाय कळत नाही.

घर वडवणीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मामांनी घर बांधलं तेव्हा त्यात दोन बल्ब, एक पंखा आणि एक रेडिओ होता, आणि तेवढ्याच हिशेबानं लाकडी पट्टीवरून वायर फिरवलेली. आज त्याच वायरवर फ्रीज, गिझर, मिक्सर, बोअरची मोटर, दोन टीव्ही, कूलर आणि पाच मोबाईल जगतात. मामा अभिमानानं सांगतात, "तवाची वायर हाय ही. आत्ताच्यावाणी लेचीपेची न्हाई!"

माझं माहेर माजलगावचं. तिथं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटर भरायचं दुकान आहे. उसाला पाणी देता देता जळालेल्या मोटरी लोक घेऊन येतात. अण्णा आतली काळी पडलेली तार उपसतात आणि नवी भरतात. शाळेतून आले की मी त्या दुकानात बसायची. पाठवणीच्या दिवशी आई माझ्या बॅगेत साड्या भरत होती. अण्णांनी गुपचूप त्यात एक टेस्टर सरकवला आणि म्हणाले, "सासरी गेलीस की आधी ह्यानं भिंती बघ. माणसं काय, हळूहळू कळतील."

दुसऱ्या दिवशी मी भिंती बघितल्या. त्या दिवसापासून पायातली चप्पल काढली नाही. एवढाच काय तो माझा भित्रेपणा.

*

पहिल्या सकाळी आत्यांनी फ्रीजमधून दूध काढायला सांगितलं. मी हात पुढे केला, तोच मागून तिघं एकदम ओरडले, "थांब!"

फ्रीजसमोर शिसवी पाट होता. त्यावर उभं राहायचं, मग उलट्या हातानं फ्रीजला शिवून बघायचं, मग दार उघडायचं. देवळात जावं तशी पद्धत! पाय पुसायचे, पाटावर चढायचं, हात लावायचा. फक्त नमस्कार तेवढा राहिला होता.

आठवड्यानं पूजा घातली. गुरुजींनी चौरंग मांडला, यजमानांना बसायला पाट मागितले. घरात एकच पाट कमी पडत होता. गुरुजींची नजर फ्रीजकडे गेली.

"तो द्या की तिथला."

"त्यो न्हाई देता येणार," आत्या म्हणाल्या. "त्यो फ्रीजचा हाय."

"पूजेपुरता द्या हो, ताई."

"गुरुजी, प्रसादाचं दूध फ्रीजमंदीच हाय. कोण काढील मग?"

गुरुजींनी एकदा फ्रीजकडे बघितलं, एकदा पाटाकडे. मग यजमानांना सतरंजीच्या घडीवर बसवून त्यांनी संकल्प सोडला. जाताना मात्र प्रसाद घेतला नाही. "घरी नेतो," म्हणाले, आणि तीर्थाचा तांब्यासुद्धा दारातूनच परत केला!

*

आमच्या घरात करंट मोजायची स्वतःची मापं आहेत. सगळ्यात लहान 'मुंगी'. त्याच्यावर 'झिणझिणी'. त्याच्यावर 'दणका'. मुंगीची कुणी दखल घेत नाही. झिणझिणी आली की हात झटकून पुढच्या कामाला लागायचं. दणका बसला तर मात्र चहा मिळतो.

मामांचा उजवा गुडघा दुखतो. त्यांनी त्यावर घरगुती इलाज काढला होता. सकाळी गिझर लावला की बाथरूमच्या लोखंडी नळाला झिणझिणी यायची. मामा आंघोळीआधी स्टुलावर बसून दोन बोटं नळाला टेकवायचे.

"बीडला डॉक्टर मशीन लावून हेच करतंय," ते मला म्हणाले. "आपल्या घरी नळाला येतंय. फुकट!"

नव्या सुनेनं सासऱ्यांच्या आंघोळीवर काय बोलावं?

संध्याकाळी यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं. म्हटलं, गिझरमधून पाण्यात करंट उतरतोय, एखाद्या दिवशी दोन बोटांवर भागणार नाही. यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

"तू भितेस फार. मी लहानपणापासून त्याच नळाखाली आंघोळ करतोय. झालं का मला काही?"

ह्या प्रश्नाचं उत्तर लग्नाच्या पहिल्या महिन्यात देता येत नाही.

*

पावसाळ्यात फ्यूज उडायला लागला. मोटर लावली की उडायचा, मिक्सर लावला की उडायचा. माझे दीर पवनभाऊजी वैतागले. शेजारी स्लॅबचं काम चालू होतं. तिथून त्यांनी गजाला बांधायची लोखंडी तार आणली, तिचे दोन पदर पिळले आणि फ्यूजमध्ये घातले.

"आता बघू कसा जातोय!"

खरंच गेला नाही. पंधरा दिवस गेला नाही. पवनभाऊजी येईल त्याला फ्यूज दाखवायचे. मित्र आले की विचारायचे, "तुमच्यात जातो का बे फ्यूज? आमच्यात जात न्हाई!"

सोळाव्या दिवशी दुपारी घरात प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला. आत्या ताडकन उठल्या आणि कुंपणाशी गेल्या.

"कमल, किती डाव सांगितलं तुला, पिशव्या जाळत जाऊ नको म्हणून! नरड्यात बसतंय!"

"मी कुठं काय जाळलंय?"

"मग वास काय आभाळातून आला?"

दोघींचं चांगलं दहा मिनिटं भांडण झालं. जुन्या लग्नातल्या आहेरापर्यंत गेलं. शेवटी कमलकाकू कुंपणावरून वाकल्या, आमच्या बैठकीत बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, भांडण मागून करू. आदी तुमची भिंत इझवा!"

बोर्डाच्या मागून काळा धूर निघत होता. लाकडी पट्टी वीतभर जळाली होती. फ्यूज मात्र ठणठणीत होता. पवनभाऊजींनी तोसुद्धा दाखवला.

*

मग रशीदभाईंना बोलावलं. रशीदभाई गावातले जुने वायरमन. बोलतात अर्धं मराठी, अर्धं दखनी, आणि स्क्रू पिळायचा पेचकस कानावर ठेवतात. त्यांनी सगळं घर बघितलं. बोलले काहीच नाहीत, फक्त प्रत्येक खोलीत एकदा "या अल्ला" म्हणाले.

"मामा, अर्थिंग किदर हाय?"

मामांनी अंगणात बोट दाखवलं. घर बांधलं तेव्हा मीटरपासून एक जाड तार हापशाच्या लोखंडी पाइपाला नेऊन बांधली होती. पुढे बोअर घेतला, हापसा उपटून भंगारात दिला. तार मात्र चांगली होती म्हणून मामांनी ती टाकली नाही. मोकळं टोक लिंबाच्या झाडाला बांधलं. गेली कितीतरी वर्षं तिच्यावर घरातले कपडे वाळत होते. त्या दिवशीही आत्यांच्या दोन साड्या आणि यांचा शर्ट वाळत होता.

रशीदभाईंनी कपाळाला हात लावला. "मामा, सगळ्या घरचा करंट हिच्यात उतरतो. आन तुमी हिच्यावर वल्ली धुनी टाकतेत?"

मला वाटलं, आता तरी कुणाला तरी घाम फुटेल.

आत्या तारेकडे बघत म्हणाल्या, "तरीच! मी म्हणायची, आपली धुनी कमलच्या आधी कशी वाळतेत!"

रशीदभाईंनी ती तार तोडली. मग त्यांनी कागदावर कामं लिहून दिली. नवा खड्डा घेऊन अर्थिंग, नवी वायरिंग, गिझर बदलायचा, फ्रीज आणि कूलर तपासायचे, आणि करंट गळायला लागला की आपोआप लाईट तोडणारी एक पेटी. जाता जाता मला म्हणाले, "भाभी, तुमी माजलगावच्या अण्णांची लेक ना? मग तुमीच समजावा ना घरात!"

मामांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा बदलला.

"आता मोटरवाल्याची पोरगी आपल्याला लाईट शिकविणार का?" ते आत जाऊन आत्यांना म्हणाले. हेही मी ऐकावं म्हणून म्हटलेलं नव्हतं. पण आमच्या घरात तावदानं खरंच कमी आहेत.

*

कागदावरच्या सगळ्या कामांतून मामांनी एकच निवडलं. पेटी! कारण ती भिंतीवर दिसते. आल्यागेल्याला दाखवता येते.

पेटी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी गिझर लावला आणि पेटीनं खटकन लाईट तोडली. पुन्हा वर केली, पुन्हा तोडली. दिवसभर तेच. पेटी बिचारी तिचं काम करत होती. करंट गळतोय, करंट गळतोय, असं घसा फोडून सांगत होती.

"खराब निघाली," पवनभाऊजी म्हणाले.

"खराब न्हाई, आगाऊ हाय," मामा म्हणाले. "कालपरवा आली आन घरात रोज कटकट लावलीय. एवढ्या वर्षांत कुणी बोललं का?"

मी पोळ्या लाटत होते. लाटणं जरा जोरात आपटलं असेल, इतकंच.

चार दिवस गरम पाणी नाही. चार दिवस नळाला झिणझिणी नाही. पाचव्या दिवशी मामा लंगडत बाहेर आले.

"पवन्या, ती पेटी काढ. माझा गुडगा धरला!"

भाऊजींनी पेटी काढली नाही, तिच्या पोटातून जाणारी वायर बाहेरून जोडून टाकली. आता पेटी भिंतीवर आहे, तिचं बटन खालीवर होतं, पण तिच्यातून काही जात नाही आणि ती काही बोलत नाही. घरात शांतता आली. मामांचा गुडघा मोकळा झाला.

खंडेनवमीला आत्यांनी कोयता, विळी, भाऊजींची मोटारसायकल आणि ती पेटी, सगळ्यांची पूजा केली. पेटीला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं, आणि मला बोलावून म्हणाल्या, "बघ. आता कशी गपगुमान नांदती!"

*

दिवाळीला माझी नणंद शीतलताई माहेरी आल्या. सोबत त्यांची तीन वर्षांची परी. परी म्हणजे सगळ्या घराचा जीव. माझाही, कारण ह्या घरात आल्यावर मला पहिल्यांदा 'तुला काय आवडतं?' असं तिनंच विचारलं होतं.

भाऊबीजेच्या सकाळी परी अनवाणी फ्रीजपाशी गेली. मी पीठ मळत होते. "परी!" म्हणेपर्यंत तिनं हात लावला होता. मुंगीच होती. ती दचकली, बोटं तोंडात घातली, आणि रडावं का हसावं ह्या विचारात सगळ्यांकडे बघायला लागली.

सगळे हसले. मामांनी तिला उचलून वर उडवलं.

"बसली का मुंगी? झाली गं, झाली माझी नात आपल्या घरची!"

शीतलताईसुद्धा हसल्या. त्यांनाही लहानपणी तिथंच बसली होती म्हणे. मी पीठ मळत राहिले. त्या दिवशीच्या पुऱ्या सगळ्यांना चिवट लागल्या.

तेव्हापासून मी दिवस मोजत होते. उन्हाळ्यात ही लेक परत येणार. आणि उन्हाळ्यात माळ्यावरून कूलर खाली उतरणार.

*

मधल्या हिवाळ्यात यांचा किस्सा घडला. यांचं सांगायचं राहिलंच. हे इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतात! आठवीला 'विद्युत सुरक्षा' हा भाग यांच्याकडेच असतो. शिकवतात चांगलं. पोरांना तोंडपाठ आहे.

विज्ञान प्रदर्शनासाठी यांनी पोरांकडून 'सुरक्षित घर' नावाचं मॉडेल करून घेतलं. पुठ्ठ्याचं सुबक घर, कौलं रंगवलेली, दारात तुळस. प्लग लावला आणि अर्थिंग बरोबर असलं की छपरावर हिरवा दिवा लागायचा. नसलं की लागायचा नाही. शाळेत लागला. प्रदर्शनात लागला. बक्षीस मिळालं.

हे ते मॉडेल घरी घेऊन आले. सगळ्यांना बैठकीत बसवलं आणि प्लग लावला.

दिवा लागला नाही.

"रस्त्यात हादरा बसला असणार," हे म्हणाले. दुसऱ्या बोर्डावर लावलं. नाही. स्वयंपाकघरात लावलं. नाही. मग रविवारचा अख्खा दिवस ह्यांनी ते घर उघडून, कौलं काढून, एकेक जोड नव्यानं जोडला. तरी नाही. शेवटी पवनभाऊजी म्हणाले, कमलकाकूंकडे लावून बघू. कमलकाकूंनी मागच्या वर्षीच सगळी वायरिंग नवी केली आहे. तिथं लावताक्षणी हिरवागार दिवा लागला!

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता ह्यांच्या डोक्यात काहीतरी पेटेल. आठवीचा धडा आहे, नववीचा नाही.

हे ते मॉडेल काखेत घेऊन परत आले. फार विचार करून म्हणाले, "मॉडेल नाजूक आहे. आपल्या घराचा व्होल्टेज त्याला सोसत नाही."

ते पुठ्ठ्याचं सुरक्षित घर सध्या आमच्या फ्रीजवर आहे. पुसायचं झालं तर पाटावर उभं राहून पुसावं लागतं.

*

फेब्रुवारीत पवनभाऊजींना बघायला मुलीकडचे चकलांब्याहून येणार होते. घर जुनं दिसतं, काहीतरी सुधारणा करू, असं ठरलं. मी हळूच रशीदभाईंचा कागद टीव्हीशेजारी ठेवला. मामांनी तो उचलला, मागची कोरी बाजू बघितली, आणि त्यावर छताचं डिझाइन काढलं.

वायरिंग केलेली भिंतीत जाते, कुणाला दिसत नाही. पीओपी दिसतं! बैठकीला पांढरंशुभ्र छत झालं, मध्ये कमळ, आणि कमळाच्या पाकळ्यांतून रंग बदलणारे चोवीस दिवे. सगळे जोडले त्याच जुन्या वायरला.

रशीदभाईंनी ते गल्लीतून जाताना खिडकीतून बघितलं. मला म्हणाले, "भाभी, मेकप लई भारी. ऑपरेशन कवा?"

पाहुणे आले. दिवे लागले. लाल, हिरवे, निळे. मुलीच्या वडिलांनी मान वर करून "वा!" म्हटलं. मामा फुलले. आत्यांनी आत मिक्सर लावला. भाऊजींनी रुबाबात पंखा पाचवर केला. आणि वरच्या कमळातून फडफड आवाज आला, एक ठिणगी पडली ती नेमकी मुलीच्या वडिलांच्या टोपीवर!

टोपी झटकली, काही झालं नाही. मामा घाईनं म्हणाले, "काय न्हाई, काय न्हाई! आमच्यात होतंय आसं."

मुलीच्या वडिलांनी टोपी हातात घेतली, तिच्यावरचं भोक बघितलं, मग आत उभ्या असलेल्या माझ्या पायांतल्या चपलांकडे बघितलं. शहाणा माणूस असावा. "कळवतो," म्हणाले.

अजून कळवलेलं नाही.

*

एप्रिलच्या शेवटी शीतलताई परीला घेऊन आल्या आणि त्याच दिवशी कूलर खाली उतरला. पत्र्याचा, चाकांचा, खाली पाण्याची उघडी टाकी, तीन बाजूंना वाळा. कूलर चालू झाल्यावर मी अण्णांचा टेस्टर पत्र्याला लावला. आजवर ह्या घरात टेस्टर कुठंही इतका लख्ख पेटला नव्हता.

यांना बाजूला घेऊन सांगितलं. "फ्रीजसारखं नाही हे. पत्र्यात पूर्ण करंट उतरलाय. आणि खाली पाणी आहे."

"मी आईला सांगतो," हे म्हणाले.

यांनी आईला सांगितलं, आणि आत्यांनी खरंच लगेच उपाय केला. रांगोळीचा डबा आणला आणि कूलरभोवती गोल रेघ ओढली.

"परी, ह्या रेघेच्या आत यायचं न्हाई हां. आत बाऊ हाय."

"बाऊ काय खातो?" परीनं विचारलं.

"हात," मामा म्हणाले. सगळे हसले.

त्या दिवसापासून मी कूलर आणि परी ह्यांच्या मध्ये गहू निवडत बसायला लागले. परी डावीकडे गेली की परात डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. तीन दिवसांत इतके गहू निवडले, की आत्या कमलकाकूंना म्हणाल्या, "भित्री हाय, पण कामाला लई वाघ!"

चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. बाहेर नुसती आग. बैठकीत मामा खुर्चीत पेंगत होते, आत्या आणि शीतलताई जमिनीवर आडव्या, हे आणि पवनभाऊजी टीव्हीवर मॅच बघत होते. परी मागच्या मोरीपाशी बाहुलीला आंघोळ घालत होती. मी तिला सांगून पाणी प्यायला आत गेले. एक तांब्या प्यायला किती वेळ लागतो?

परत दारात आले तर फरशीवर छोटी ओली पावलं. मोरीपासून बैठकीपर्यंत, आणि तिथून रांगोळीच्या रेघेवरून पलीकडे. परीच्या हातात कागदाची नाव होती. ती टाकीवर वाकत होती. एक हात पत्र्याच्या कडेला धरायला वर उचललेला.

हाक मारली असती तर तिनं वळताना आधार घेतला असता. धावले असते तर पोचले नसते. मेन स्विच माझ्या उजव्या हाताशी होता, झेंडूचा वाळलेला हार घातलेल्या त्या मुक्या पेटीच्या खाली. मी खटका खाली ओढला.

पंखा थांबला, मॅच थांबली, कूलर घरघरत थांबला. त्या शांततेत परीनं कडेला धरलं, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले, आणि नाव सोडली.

"बाऊ झोपला," ती म्हणाली.

"लाईट गेली!" मामा दचकून उठले.

"गल्लीचा डीपी उडाला का काय बे?" पवनभाऊजी खिडकीशी गेले. "आयला, काकूंचा पंखा चालू हाय की!"

मग एकेकानं मला बघितलं, माझ्या हातातला खटका बघितला, पुसलेली रांगोळी बघितली, आणि शेवटी परीला बघितलं. शीतलताईंनी किंचाळून लेकीला उचललं आणि छातीशी धरून त्या थेट अंगणात गेल्या. यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, झालं एकदाचं. कळलं.

घामाचा पहिला ओघळ येईपर्यंतच ते टिकलं.

"देवानंच वाचवलं," मामा उपरण्यानं मान पुसत म्हणाले. "बरं, सूनबाई, लाव आता. जीव चाललाय गर्मीनं."

"लाव बाई," आत्या म्हणाल्या. "रांगुळी मी परत काढते. ह्या डावाला जरा जाड काढते."

"मी फ्रीजचा पाट आणून कूलरपुढे आडवा लावतो," हे म्हणाले.

"ओव्हर संपत आलती वहिनी, लावा ना," पवनभाऊजी म्हणाले.

मी खटक्यावरचा हात काढला नाही. वर्षभरात ह्या बैठकीत चार माणसांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"लावते की," मी म्हणाले. "फक्त आदी समद्यांनी चपला काढा. पाय वले करा, परीचे होते तेवढे. पाट न्हाई घ्यायचा. उलटा हात बी न्हाई. रेघेच्या आत या आन कूलरच्या पत्र्याला सरळ हात लावून हुभे राहा, चौघं बी. मामा, तुमी गुडघा टेकवा. राहिलात हुभे की मला सांगा, मी बटन दाबते. मी लई भित्री हाय, पण माझ्या पायात चप्पल हाय."